‘चांगली आहे, पण…’

(पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून देतेय.)

"ताई, मी आणि माझी मैत्रीण एकाच ऑफिसात आठ वर्षं आहोत. तिने दुसऱ्या टीममधल्या वरच्या पोस्टसाठी अप्लाय केलं. तिथल्या मॅनेजरने मला जाता जाता विचारलं, तू ओळखतेस ना तिला, कशी आहे? मी म्हटलं, 'चांगली आहे, पण प्रेशर आलं की थोडी गडबडते.' हे खरं नव्हतं. म्हणजे एकदा गडबडली होती, पण एकदा कोण नाही गडबडत. मी का बोलले ते मला माहितीये, ती माझ्या पुढे जाणार हे मला बघवत नव्हतं. तिला पोस्ट मिळाली नाही आणि फीडबॅकमध्ये नेमकं तेच आलं, प्रेशर झेपत नाही. ती माझ्याच खांद्यावर रडली. मीच तिला पाणी आणून दिलं. सात महिने झाले. मी मेडिटेशनच्या एका ग्रुपला जाते, तिथे सांगतात की बौद्ध विचारात प्रत्येक माणूस मुळात चांगलाच असतो, तो चांगुलपणा आत आहेच, तो सापडला की आनंद आपोआप येतो. मी डोळे मिटून आत बघते तर मला फक्त ते 'पण' ऐकू येतं. बाकीच्यांच्या आत असेल चांगुलपणा, माझ्यात मुळातच काहीतरी सडकं आहे. आणि ज्यांच्यात आहे ते तरी कुठे आनंदी दिसतात? हे सगळं नुसतं गोड बोलणं आहे का?
— आतून रिकामी"

अगं,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हो, तुला ज्या शब्दांत सांगितलं गेलंय त्या शब्दांत ते बऱ्यापैकी गोड बोलणंच आहे. "मुळात तू चांगलीच आहेस, फक्त आत बघ" एवढंच ऐकलं की ज्याचं बरं चाललंय त्याला छान वाटतं आणि ज्याच्या हातून नुकतंच काहीतरी होऊन गेलंय त्याला वाटतं सगळ्यांची नाणी खणखणीत, आपलंच तेवढं खोटं. पण हा दोष बुद्धाच्या बोलण्याचा नाही गं, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाता जाता ते वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यातला कामाचा भागच झिजून गेलाय.

मूळ वाक्य बघ. अंगुत्तर निकाय म्हणजे बुद्धाच्या वचनांचा एक पाली संग्रह. त्याच्या सुरुवातीच्या भागात, एकक निपातात, दोनतीन ओळींची छोटी छोटी वचनं आहेत. त्यातलं एक, "पभस्सरमिदं भिक्खवे चित्तं, तञ्च खो आगन्तुकेहि उपक्किलेसेहि उपक्किलिट्ठं." चित्त प्रभास्वर आहे, म्हणजे उजळ आहे, आणि ते मळलंय ते आगंतुक मळांनी. यात "चांगलं" असा शब्दच नाहीये बघ, उजळ म्हटलंय. आणि आगंतुक शब्दाचा अर्थ तर तुला मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, न बोलावता आला आणि आता सोफ्यावर पाय पसरून बसलाय, तो आगंतुक. ईर्षा अशीच आली, बसली, तुझ्या तोंडून एक वाक्य वदवून घेतलं. पण घर तिच्या नावावर नाहीये. (म्हणून वाक्याची जबाबदारी तुझी नाही असं अजिबात म्हणत नाहीये मी, दार तूच उघडलंस. त्याच्याकडे येऊ.)

पुढची ओळ मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिचा अर्थ असा की ज्याला हे नीट कळलेलं नाही, त्याच्यासाठी चित्ताची साधना, मशागत म्हण हवं तर, नाहीच. मी इथे बराच वेळ अडकले होते पहिल्यांदा वाचलं तेव्हा, हे काय, कळलं नाही तर बंदी? मग लक्षात आलं की बंदी वगैरे नाही, साधी व्यवहाराची गोष्ट आहे. डाग म्हणजेच कापड असं ज्याला वाटतं तो कापड धुवायला काढेल कशाला? तू सध्या तिथे उभी आहेस.

कापडाचा दाखला मी नाही देत, तो बुद्धाचाच आहे, मज्झिम निकाय नावाच्या तसल्याच दुसऱ्या संग्रहात, वत्थूपम सुत्तात, म्हणजे कापडाच्या उपमेच्या प्रवचनात. मळलेलं कापड रंगाऱ्याने निळ्या, पिवळ्या, लाल कुठल्याही रंगात बुडवलं तरी रंग फिक्काच चढणार, स्वच्छ कापडावर छान चढणार. आणि पुढे मळ कुठले त्याची चक्क यादी आहे, सोळा. लोभ, द्वेष, राग, मनात धरून ठेवणं, तुलना करून वर राहू बघणं, ईर्षा, कपट, अहंकार... वाचताना मला आपल्याच आठवड्याची डायरी वाचल्यासारखं झालं होतं. म्हणजे तुला आत जे सापडलं ते काही भयंकर, न ऐकलेलं वगैरे नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत ते नावानिशी आहे आणि यादी धुण्यासाठी केलीये, हाकलून देण्यासाठी नाही.

आता दुसरी बाजूही ऐक, नाहीतर मीही गोड बोलल्यासारखं होईल. बुद्ध असंही म्हणत नाही की माणूस तान्ह्या बाळासारखा निर्मळ जन्माला येतो आणि मग जग त्याला बिघडवतं. मज्झिम निकायातच एके ठिकाणी तो म्हणतो की उताण्या पडलेल्या तान्ह्या मुलाला 'मी' म्हणजे काय हेसुद्धा कळत नाही, पण 'मी'ला चिकटायची ओढ त्याच्यात असते, झोपलेली. अनुसय म्हणतात तिला. आणि थेरवादी अट्ठकथांमध्ये, म्हणजे या पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांमध्ये, त्या उजळ चित्ताचा अर्थही फार काव्यमय केलेला नाही, गाढ झोपेत जे चित्त चालू असतं, भवंग चित्त, ते उजळ, इतकंच. तर पाली परंपरेत तरी "तू मुळात चांगली" असं सर्टिफिकेट कुणी देत नाही. अलोभ, अद्वेष, अमोह ही तीन मुळंही आपल्यात आणि लोभ, द्वेष, मोह हीही तीन मुळं आपल्यातच, ज्या क्षणी ज्याला पाणी मिळेल ते वाढतं. मॅनेजरशी बोलताना एक वाढलं. मैत्रीण रडली तेव्हा तू पाणी आणायला उठलीस ते नाटक होतं का? तूच सांग. मला वाटत नाही ते नाटक होतं. दोन्ही तूच केलंस, एकाच मनाने, आणि तुला नेमकं हेच सहन होत नाहीये, कारण तुला एकच काहीतरी ठरवून हवंय, एकतर चांगली नाहीतर सडकी.

'आत आहेच' हे जे तू ऐकतेस ते मुख्यतः नंतरच्या महायान, म्हणजे बौद्धांच्या दुसऱ्या मोठ्या परंपरेच्या, ग्रंथांतून आलंय. तथागतगर्भ म्हणतात त्याला, प्रत्येकात बुद्ध होण्याचं बीज. त्याच नावाच्या सूत्रात नऊ दाखले आहेत, आणि फार सुंदर आहेत. कोमेजलेल्या कमळाच्या आत बसलेला बुद्ध, मधमाश्यांनी वेढलेला मध, टरफलातला दाणा, घाणीत पडलेलं सोनं. मला सगळ्यात आवडतो तो गरिबाच्या घराखालच्या खजिन्याचा. खजिना बरोबर पायाखाली आहे, वर माणूस दारिद्र्यात जगतोय, आणि खजिना काही आतून हाक मारत नाही की मी इथे आहे. खजिन्याला तोंड नसतं. म्हणजे तू डोळे मिटून बसलीस आणि काही ऐकू आलं नाही यावरून खाली काही नाही हे सिद्ध होत नाही, ज्या सूत्राच्या जोरावर तुला हे सांगितलं जातंय त्याच सूत्रात लिहिलंय की ऐकू येणार नाही, खणावं लागेल.

(बँकॉकच्या वाट त्राइमितमधल्या मूर्तीची गोष्ट तुला ग्रुपमध्ये सांगून झालीच असेल. १९५५ साली मूर्ती हलवताना खाली पडली, वरचं प्लास्टर फुटलं आणि आत साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती निघाली. खरी गोष्ट आहे, पण मला ती या कामाला फारशी पटत नाही. तिच्यात मूर्तीला काहीच करावं लागत नाही, दोर तुटला की झालं. आपलं असं होत नाही.)

आणि हा खजिना म्हणजे शेवटी आत्माच की, जो बुद्ध मानत नाही, असं तुला वाटलं तर ती शंका लंकावतार या महायान सूत्रात महामती नावाच्या बोधिसत्त्वाने बुद्धाला तोंडावर विचारलीये. उत्तर असं आहे की नाही, आत्मा नाही, शून्यतेला, म्हणजे कशालाच स्वतःचं कायमचं स्वरूप नाही या विचाराला, घाबरणाऱ्यांना जवळ आणण्यासाठी ही भाषा वापरली. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. भाषा म्हणून वापर, तिच्यावर मालमत्तेसारखी बसू नकोस.

बरं. आता तुझ्या त्या 'पण'कडे येऊ, कारण पत्र खरं तर त्याच्याबद्दल आहे.

तुला कुणीतरी म्हणेलच की अगं तुला इतकं वाईट वाटतंय यावरूनच कळतं तू किती चांगली आहेस. मी म्हणणार नाही. बौद्ध मानसशास्त्रात या वाईट वाटण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवलेत ते फार बरं केलंय. एक हिरी, म्हणजे लाज. करण्याआधी, नाहीतर केल्याबरोबर जी म्हणते, हे आपल्याला शोभत नाही. ती चांगल्या बाजूला मोजलीये, अभिधम्मात, म्हणजे मनाची बारीक फोड करणाऱ्या बौद्ध ग्रंथांत, प्रत्येक कुशल, म्हणजे चांगल्या, चित्ताबरोबर ती असतेच असते. दुसरं कुक्कुच्च. झालेलं उगाळत बसणं, चुटपुट. आणि हे कुठे ठेवलंय माहितीये? पाच नीवरणांमध्ये, म्हणजे ध्यानाच्या वाटेतल्या अडथळ्यांमध्ये, लोभ आणि द्वेषाच्या रांगेत. दीघ निकायात या चुटपुटीला गुलामगिरीची उपमा दिलीये, आणि संयुत्त निकायात वाऱ्याने हिंदकळणाऱ्या पाण्याची. भांड्यात पाणी आहे, वर वारा आहे, लाटा उठतायत, वाकून बघणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही. सात महिने तू त्या लाटांत वाकून बघतेयस आणि म्हणतेयस माझा चेहराच वाकडा आहे.

लाजेचं काम पहिल्या दिवशीच झालं होतं. बाकीचे सात महिने चुटपुट.

मला ही चुटपुट चांगली ओळखीची आहे म्हणून इतकं ठासून बोलतेय. फार वर्षांपूर्वी मी एका सहकाऱ्याची आयडिया मीटिंगमध्ये आपली म्हणून सांगून टाकली होती, तो समोरच बसला होता, काही बोलला नाही. पुढे दीडेक वर्ष मी त्याच्याशी इतकी गोड वागले की विचारू नकोस, न मागता त्याची कामं करून द्यायची, त्याच्या रजेचे दिवस मी सांभाळायचे, शेवटी तोच एकदा वैतागून म्हणाला, अगं तुला माझ्याकडून नक्की हवंय काय? आणि मला हवं होतं ते हेच की त्याच्याकडे बघताना मला बरं वाटावं. त्याचं जे गेलं होतं त्याबद्दल मी दीड वर्षात एक काडी हलवली नव्हती. तूही गेले सात महिने तिच्याशी जरा जास्तच चांगली वागत असशील, पत्रात नाही लिहिलंस पण मी पैज लावते.

नालंद्याला असिबंधकपुत्त नावाचा एक गावप्रमुख बुद्धाकडे येतो, संयुत्त निकायात आहे. प्रश्न असा की ज्याने पाप केलं तो संपलाच का? बुद्ध म्हणतो, मी केलं ते बरोबर नव्हतं असं त्या माणसाला कळतं, आणि पुढे त्याला हेही कळतं की कितीही हळहळलो तरी केलेलं न केलेलं होणार नाही. मग तो काय करतो, ते कर्म सोडतो, पुढे करत नाही. आणि मग मैत्री, करुणा, सगळीकडे, शंख फुंकणाऱ्याचा आवाज चारी दिशांना जातो तशी. हळहळीला एवढी एकच जागा दिलीये बघ, कळलं, बस, पुढे चल.

भिक्षूंमध्ये तर कबुलीची पद्धतच आहे. उपोसथाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या व्रताच्या, दिवशी, सगळे मिळून नियम म्हणायच्या आधी, ज्याच्या हातून काही झालंय तो दुसऱ्या भिक्षूसमोर बसून काय झालं ते सांगतो. ऐकणारा विचारतो, "पस्ससि, आवुसो?" दिसतंय का तुला? "आम भन्ते, पस्सामि." हो, दिसतंय. "आयतिं संवरेय्यासि." पुढे जप. संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तू असा कसा रे, तुझ्यात मुळात काय बिघडलंय, असं कुणी विचारत नाही, रडून दाखवावं अशीही अपेक्षा नाही.

आणि हो, आनंद. तू म्हणतेस चांगले लोक तरी कुठे आनंदी दिसतात. खरंय, कारण 'मी चांगला आहे' या भावनेतून आनंद येतो असं कुठे म्हटलेलंच नाही, ती भावना उलट त्या सोळांच्या यादीत बसेल, अहंकाराच्या शेजारी. अंगुत्तर निकायात बुद्धाने क्रम सांगितलाय, शीलातून येतो अविप्पटिसार, म्हणजे मनाला काही न टोचणं. न टोचण्यातून हलकी प्रसन्नता, तिच्यातून प्रीती, मग शरीर शांत होतं, मग सुख, आणि सुखी माणसाचं चित्त एकाग्र होतं. आणि तिथे असं म्हटलंय की शीलवान माणसाला 'मला टोचणी न लागो' अशी इच्छाही करावी लागत नाही, ते आपसूक होतं. हा क्रम नीट बघ, ध्यान सुखाच्या नंतर आलंय. आपण उलटं धरतो, आधी ध्यानाला बसू, मग सुख मिळेल, मग त्या सुखात चांगलं वागू. तुझा काटा ऑफिसात रुतलाय आणि तू तो आसनावर बसून शोधतेयस.

त्याच निकायात आणखी एक वचन आहे, मला तुझ्या पत्रासाठी तेच सगळ्यात योग्य वाटतं. अकुशल सोडा, असं तो भिक्षूंना म्हणतो, आणि लगेच कारण देतो, ते सोडता येतं. सोडता येत नसतं तर मी सोडा म्हटलंच नसतं. आणि सोडून दुःख झालं असतं तरी म्हटलं नसतं, सोडण्यात हित आणि सुख आहे म्हणून म्हणतो. मुळातला चांगुलपणा वगैरे जे काही आहे ते माझ्या मते इतकंच आहे, 'सोडता येतं'. यापेक्षा मोठा खजिना मला तरी नको.

आता करायचं काय. आपल्या मुलाला, राहुलाला, बुद्धाने सांगितलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. शरीराने किंवा वाणीने चूक झाली असेल तर ती जाणत्या माणसासमोर उघड कर, नुसती मनात झाली असेल तर तिची लाज धर आणि सोड. म्हणजे तुला मैत्रिणीचा मत्सर वाटला, हे तिच्यासमोर मांडत बसायची गरज नाही. पण तू एक वाक्य बोललीस. ते बाहेर आहे, फिरतंय, काम करतंय.

म्हणून आधी त्या मॅनेजरकडे जा. पोस्ट गेली ती गेली, पण ते मत त्यांच्या डोक्यात अजून आहे आणि पुढच्या वेळी परत वर येईल. सरळ सांग, तेव्हा मी जे म्हटलं ते एका प्रसंगावरून होतं आणि ते म्हणणं चुकीचं होतं, आठ वर्षांत मी तिला कितीतरी वेळा प्रेशर नीट सांभाळताना बघितलंय, अमुक वेळी, तमुक वेळी. खरे प्रसंग सांग, तारखेसकट. तुझी इमेज थोडी उतरेल. उतरू दे.

मग ती. इथे बऱ्याच लोकांचं मत पडेल की सांगू नकोस, मैत्री तुटेल, तुझं ओझं तिच्या डोक्यावर कशाला. मीही नेहमी सगळं सांगून टाका या मताची नाही. बुद्ध स्वतः काय बोलायचं ते कसं ठरवतो हे अभय राजकुमाराला सांगितलंय त्याने, खरं आहे का, हिताचं आहे का, आणि ऐकायला कडू असेल तर वेळ बघून. तर हिताचं आहे का एवढाच प्रश्न उरतो, आणि तुझ्याच पत्रात उत्तर आहे. फीडबॅकमध्ये 'प्रेशर झेपत नाही' असं आलंय. सात महिने ती ते स्वतःबद्दलचं सत्य म्हणून बाळगून असेल. पुढच्या पोस्टला अप्लाय करताना हात मागे घेत असेल. तू तिकडे म्हणतेयस माझ्यात मुळात काहीतरी सडकं आहे, ती इकडे म्हणत असेल माझ्यात मुळात काहीतरी कमी आहे, आणि दोघींचंही उगमस्थान तुझं ते एकच वाक्य. तुझ्याबद्दलचं मी तुला समजावू शकते, तिच्याबद्दलचं फक्त तूच खोडू शकतेस, कारण ते वाक्य कुठून आलं हे तुलाच माहितीये.

मग ती चिडेल, बोलणं बंद करेल, तो तिचा हक्क आहे. अजातशत्रूने बापाला मारल्याचं बुद्धासमोर कबूल केलं तेव्हा बुद्ध त्याला म्हणाला की चूक चूक म्हणून बघून सुधारणं हीच वाढ, पण तो गेल्यावर भिक्षूंना हेही म्हणाला की या राजाने स्वतःला घायाळ करून घेतलंय, हे केलं नसतं तर आज इथेच त्याला धम्म दिसला असता. कबुलीने हिशोब कोरा होतोच असं नाही. तुझी मैत्री राहील असं मी तुला सांगू शकत नाही.

ग्रुप सोडू नकोस, फक्त काही दिवस ते 'आत शोधणं' बाजूला ठेव आणि साधी मैत्री भावना कर, म्हणजे एकेका माणसाचं भलं होवो असं मनात धरत बसायचं. बुद्धघोष या टीकाकाराने पाचव्या शतकात विसुद्धिमग्ग या ग्रंथात क्रम दिलाय, सुरुवात स्वतःपासून, मग ज्याच्याबद्दल आदर आहे असा माणूस, आणि अवघड माणसं सगळ्यात शेवटी. तुझी मैत्रीण सध्या अवघड आहे, तिला पहिल्याच दिवशी घेऊ नकोस, नाहीतर परत वारा सुटेल.

आणि तिला सांगताना मेसेजवर नको. कॉलवरही नको. समोर बसून, तिच्या घाईच्या दिवशी नाही असं बघून, आणि आधी तिच्या उपयोगाचं वाक्य म्हण, 'प्रेशर झेपत नाही हे तुझ्याबद्दल खरं नाहीये, ते मी बोलले होते आणि खोटं बोलले होते.' माफी त्याच्या नंतर. तू का बोललीस ते तिने विचारलं तरच सांग, आणि विचारलं तर खरं सांग. रडू आलं तर येऊ दे, पण पाणी आणायला यावेळी तिला उठवू नकोस.

— ताई